कोऱ्या जागेचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या आवारात 18 प्रकारची झाडं आहेत, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माणसांचे प्रकार त्याहून जास्त आहेत, ते मात्र माहीत होतं. सोसायटीला 40 वर्षं पूर्ण झाली म्हणून काहीतरी करायचं ठरलं. स्नेहभोजन, वाद्यवृंद, सत्यनारायण असे नेहमीचे पर्याय पुढे आले आणि एकेका कारणाने पडले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाईंनी पिशवीतून एक वही काढली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई रोज सकाळी खाली खुर्ची टाकून बसायच्या. आम्हाला वाटायचं, कोवळं ऊन घेतायत. वहीत आवारातली अठराच्या अठरा झाडं होती, जलरंगात.

वही हातोहात फिरली आणि सभा चक्क गप्प झाली. मग कुणीतरी म्हणालं, "याची छोटी पुस्तिका काढू या." त्यावर सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?" कॉम्प्युटर सगळ्यांकडेच होता. पण मी बँकेतून निवृत्त झालेलो, म्हणजे रिकामाही आणि हिशेबीही. असा माणूस सोसायटीला फार दिवस मोकळा सोडवत नाही.

पहिला प्रयत्न मी पत्र लिहायच्या प्रोग्रॅममध्ये केला. एक चित्र जरा डावीकडे सरकवलं की बाकीची सतरा उठून दुसऱ्या पानावर जायची. गुलमोहोराखाली शेवग्याची माहिती आणि शेवग्याच्या डोक्यावर निम्मं कडुनिंब. आठवडाभर हा खेळ चालला. रविवारी भाची जेवायला आली. ती डिझाइन शिकते. तिने डॉक्टर जीभ बघतात तसा माझा स्क्रीन बघितला आणि म्हणाली, "मामा, याला ग्रिडच नाहीये."

ग्रिड म्हटल्यावर मला फक्त वीज गेलेली आठवते. तिने वहीचा कागद आडवा धरून रेघा मारायला सुरुवात केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कारण ते रकाने होते. पस्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?

पुस्तिकेचं पान ए-फाइव्ह, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. ए-फोर मध्ये दुमडला की होतं ते. या मापातली गंमत मला तिनेच सांगितली: कागद अर्धा करा, परत अर्धा करा, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. जर्मनांनी 1922 मध्ये हे माप प्रमाण म्हणून ठरवलं आणि पुढे बहुतेक जगाने ते उचललं. आमच्याकडे एका घराच्या वाटण्या झाल्या की उरलेल्या खोल्यांना कसलंच प्रमाण राहत नाही, हे मी बोललो नाही.

तर आतला समास 16 मिलिमीटर, बाहेरचा 12. उरले 120. त्यात 27 मिलिमीटरचे चार रकाने आणि दोन रकान्यांमध्ये 4 मिलिमीटरचा बोळ. (भाची त्याला 'गटर' म्हणते. पुण्यात बोळ आणि गटर यांत फरक फारसा नसतो, तरी मी बोळच म्हणतो.) उभ्या अंगाने 29 ओळी. चार ओळींची एक चौकट, मग एक ओळ मोकळी, परत चार ओळी. अशा सहा चौकटी. चार गुणिले सहा, चोवीस. एका पानात 24 चौकटी आणि पुस्तिकेची पानंही 24. बँकेच्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं?

"आता चित्र असो, मजकूर असो, जे ठेवायचं ते चौकटीच्या कडेपासून चौकटीच्या कडेपर्यंत. मधेच कुठेतरी नाही," ती म्हणाली.

हा कागद मी समितीपुढे ठेवला तेव्हा सेक्रेटरींनी चष्मा वर करून विचारलं, "इतक्या रेघा छापणार? चित्रं कशी दिसतील मग?" रेघा छापायच्या नसतात, हे त्यांना पटवायला माझी बायको कामी आली. ती म्हणाली, "अहो, ब्लाउज शिवताना कच्चा टाका घालतात ना, तसं आहे ते. पक्की शिवण झाली की उसवून टाकायचा." सेक्रेटरींनी ब्लाउज शिवला नसणार, पण मान हलवली.

भाचीने एक जाडजूड पुस्तकही आणून दिलं. योझेफ म्युलर-ब्रॉकमान या स्विस गृहस्थांचं, 1981 मधलं, सबंध पुस्तक ग्रिड या एकाच विषयावर. मजकूर जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत शेजारी शेजारी चालतो आणि एकदाही एकमेकांना धक्का लागत नाही. झ्युरिकच्या टोनहाले या संगीतगृहासाठी त्यांनी मैफलींची पोस्टरं केली. बेथोवेनच्या मैफलीचं 1955 चं पोस्टर तर नुसत्या कमानदार जाड पट्ट्यांचं आहे. कुठे वाद्य नाही, फूल नाही, बेथोवेनचे विस्कटलेले केसही नाहीत. मी ते बराच वेळ बघत बसलो. कोपऱ्यात एकही 'सौजन्य' नव्हतं. म्युलर-ब्रॉकमान 1996 मध्ये गेले. आमच्या व्यवस्थापन समितीशी त्यांची गाठ पडली नाही, म्हणून ते पुस्तक इतकं शांत राहिलं.

मला वाटू लागलं होतं की ही सगळी स्विस लोकांची शिस्त आणि आपण तिचे पाहुणे. तसं नाही. 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं. पंचांग म्हणजे रकान्यांशिवाय आहे काय? आणि 1973 पासून जे 'कालनिर्णय' आपल्या भिंतीवर लटकतंय, ते तर घराघरात वाचलं जाणारं ग्रिड. सात वार, एका चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय. इतकं भरूनही चौकटीत थोडी जागा उरते आणि त्या जागेत आपण दुधाचे लिटर, गॅस लावल्याची तारीख आणि मावशींचे खाडे लिहितो. एकाही मराठी घराने ती जागा 'सौंदर्यासाठी' मोकळी सोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

आधी अक्षरांचं सांगतो, कारण तिथे स्विस पुस्तकाने हात टेकले.

रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात. ए, बी, सी, सगळी खालच्या रेघेवर पाय टेकून. त्यामुळे त्यांचं ग्रिड मोजतं ते खालच्या रेघेवरून. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात, वलणीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कुणाचा लेंगा लांब, कुणाचं झबलं आखूड. खालून समान दिसायची अपेक्षाच नाही, दोरी तेवढी ताठ हवी. त्यात दोरीच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार यांची वेगळी वस्ती. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी जवळ जवळ लावल्या, तर वरच्या ओळीतल्या 'दृष्टी'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'मूर्तीं'च्या रफारावर पाय ठेवतो. म्हणून 12 पॉइंटच्या अक्षराला आम्ही ओळीपासून ओळीपर्यंत 17 पॉइंट दिले. 72 पॉइंटांचा एक इंच, त्या हिशेबाने 17 म्हणजे जवळजवळ बरोबर 6 मिलिमीटर. चार ओळींची चौकट 24 मिलिमीटर. सगळं कसं घड्याळासारखं.

तरी बाईंनी पहिलं प्रूफ बघून लगेच सांगितलं, "चित्र वर सरकलंय." मी पट्टी लावून दाखवलं की चित्राची वरची कड आणि शेजारच्या ओळीच्या चौकटीची कड तंतोतंत एक आहे. बाई म्हणाल्या, "पट्टीला दिसत नसेल. मला दिसतंय." भाचीला फोन केला. ती हसली. प्रोग्रॅम ज्याला ओळीची वरची कड समजत होता, ती वेलांट्यांच्याही वरची होती. आपला डोळा मात्र शिरोरेघ बघतो. सगळी चित्रं दीड मिलिमीटर खाली आणून शिरोरेघेला लावली. बाईंनी लांबूनच मान हलवली. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला डोळा तो.

फाँटवर वाद होईल असं वाटलं होतं. सेक्रेटरी सोसायटीच्या नोटिसा आर. के. जोशींनी केलेल्या 'मंगल'मध्ये काढतात. तो विंडोजबरोबर आपोआप येतो, त्यामुळे तो कुणीतरी बसून काढलेला आहे, हे लोकांना खरं वाटत नाही. जोशी मोठे सुलेखनकार होते. पण तो स्क्रीनवर वाचायला केलेला, आणि शिवाय त्यात पार्किंगच्या नोटिसा वाचून लोकांचं मन त्यावरून उडालेलं. आम्ही 'मुक्ता' घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला, रेखीव, आणि फुकट. शेवटचा शब्द ऐकल्यावर समितीने तो एकमताने मंजूर केला.

उजवी कड मात्र मंजूर व्हायला तीन बैठका लागल्या. मराठी शब्दाला प्रत्यय लागत जातात आणि तो आगगाडीसारखा लांबतो: पर्जन्यवृक्ष, पर्जन्यवृक्षाच्या, पर्जन्यवृक्षाच्यासुद्धा. इंग्रजीसारखं शब्द तोडून खाली संयोगचिन्हाने जोडायची आपल्याकडे सवय नाही. असे शब्द 58 मिलिमीटरच्या दोन रकान्यांत दोन्ही कडांना ताणून बसवले की मधे खिंडारं पडतात. म्हणून आम्ही डावी कड सरळ ठेवली आणि उजवी जशी येईल तशी सोडली. "उंदराने कुरतडल्यासारखी दिसते," असं एका सभासदाचं लेखी म्हणणं आलं. त्यांचं ते पत्र संगणकावर टाइप केलेलं होतं आणि त्याचीही उजवी कड तशीच होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

मग झाडं लावायला घेतली. ग्रिडचा खरा आनंद इथे. कुठल्या झाडाला किती रकाने, हे झाडच सांगतं. नारळ एका रकान्यात, खालपासून वरपर्यंत सहाही चौकटी. फाटकाजवळचा अशोकही तसाच, काडीपैलवान. (तो खरा अशोक नव्हे, आसुपालव. खरा सीतेचा अशोक तो नारिंगी फुलांचा. चेअरमनसाहेबांनी 1990 च्या सुमारास तो स्वहस्ते 'अशोक' म्हणून लावलेला असल्यामुळे पुस्तिकेत 'अशोक (आसुपालव)' असा समेट आहे.) बकुळीचं झाड दोन रकान्यांत आलं आणि शेजारी एका चौकटीत बाईंनी रंगवलेलं एकच फूल, खऱ्या मापाचं. 27 बाय 24 मिलिमीटरच्या चौकटीत बकुळीचं फूल आरामात मावतं. मी ते छापील पानावर खरं फूल ठेवून पाहिलं. बहाव्याची शेंग दीड-दोन फुटांपर्यंत जाते आणि आमचं पान 21 सेंटिमीटरचं. ती वरून आत येते आणि खालून बाहेर जाते, खिडकीतून दिसावी तशी. मादागास्करहून आलेला गुलमोहोर आडवा वाढतो, त्याला चारही रकाने लागले.

आणि पर्जन्यवृक्ष. तोही परदेशातलाच, अमेरिका खंडातून आलेला, पण आमच्या आवारात त्याच्याइतकं देशी कुणी वाटत नाही. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. त्याची छत्री एका पानात बसेना. भाची म्हणाली, समोरासमोरची दोन पानं देऊन टाक. मग तो मधोमध गेला, 12 आणि 13 पानांवर, बुंधा बरोबर घडीवर. दोन्ही बाजूंना फांद्या सारख्या. मला ते इतकं आवडलं की मी त्या रात्री ते पान तीनदा उघडून पाहिलं.

अडचण आली ती कोऱ्या जागेची.

बहाव्याच्या पानावर चित्र आणि मजकूर मिळून 15 चौकटी भरल्या होत्या. उरलेल्या नऊ मोकळ्या. खजिनदारांनी त्या बोटाने मोजल्या. "एका चौकटीचे 500 धरले तरी साडेचार हजार इथेच पडून आहेत," ते म्हणाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे शुभेच्छांचे शब्दही त्यांनी लिहून आणले होते. बाकीच्यांनाही मग जागा दिसू लागल्या. माजी चेअरमन मंडळींचे पासपोर्ट फोटो. इमारतीचा जुना प्लॅन. लिफ्ट-दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर. चेअरमनसाहेबांना मनोगतासाठी "फक्त एक पान" हवं होतं. मी सांगितलं, मधे पिना मारलेल्या पुस्तिकेत एक पान वाढत नाही, चार वाढतात. मोठा कागद दुमडला की चार पानं होतात. पहिल्याच्या पाठीला दुसरं आणि शेजारी चोविसावं. कुठल्याही कागदावर शेजारच्या पानांची बेरीज करा, 25 येते. त्यांनी बसल्या बसल्या पाच-सहा जोड्यांची बेरीज केली आणि प्रत्येक वेळी 25 आल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मनोगत 23 व्या पानावर, आभारांशेजारी, सहा चौकटींत बसवायला ते तयार झाले.

खजिनदार मात्र हलेनात. खरं सांगायचं तर मीही आतून डळमळलो होतो. बँकेत मोकळी जागा म्हणजे जोखीम. चेकवर रकमेपुढे जागा उरली की आम्ही आडवी रेघ मारायला शिकवायचो.

तेव्हा मला माझे थोरले काका आठवले. ते छापखान्यात जुळारी होते. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. उंच तिरक्या खणांपुढे ते उभे असायचे, डोळे हस्तलिखितावर आणि हात खिळ्यांच्या खणांत, न बघता नेमका खिळा उचलणारे. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी. जोडाक्षरांचे वेगळे, अर्ध्या अक्षरांचे वेगळे. एकदा त्यांनी ओट्यावर सांडलेले खिळे मला वेचायला दिले. मी एकेक खिळा उजेडाला धरून उलटं अक्षर वाचत होतो. एक तुकडा निघाला, त्यावर काहीच नव्हतं. बाकीच्यांपेक्षा जरा बुटका, गुळगुळीत.

"काका, हा कुठला खिळा?"

"ती जागा," ते म्हणाले.

कोऱ्या जागेलाही शिशाचे तुकडे लागायचे. दोन शब्दांमध्ये बसवायला, ओळ भरून काढायला, दोन ओळींत आडव्या पट्ट्या घालायला. उंचीला कमी, म्हणजे शाई लागायची नाही. ते घातले नाहीत तर अख्खं पान फर्म्यातून खाली ओघळायचं. माझ्या तळहातावर काकांनी ठेवलेला तो तुकडा चांगला जड होता.

हे मी खजिनदारांना सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. पण आता ते शिसं नाहीये ना? आता जागा फुकट मिळते. म्हणून तर भरायची."

बाई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी बहाव्याचं प्रूफ हातात घेतलं आणि मोकळ्या भागावरून बोट फिरवलं. "ही जागा मी रंगवलेली आहे," त्या म्हणाल्या. "हे मे महिन्यातलं आभाळ आहे. मे महिन्यात दुपारी असंच पांढरं असतं. इथे जाहिरात टाकायची तर सही खोडून द्या माझी."

जाहिराती मलपृष्ठावर गेल्या. सहा जाहिराती, चार-चार चौकटींच्या, एकसारख्या मापाच्या, आणि मी निःपक्षपातीपणे सांगतो, त्या जाहिरातीसुद्धा बऱ्या दिसतात. दुकानदाराने पहिल्यांदाच कुणाला न विचारता पैसे दिले.

छपाई 300 प्रतींची. आर्ट पेपरवर जलरंग तेलकट दिसतात म्हणून आतला कागद मॅप्लिथो. दुसऱ्या पानावर सोसायटीची कळकळीची विनंती ठळक टाइपात आहे: 'झाडांना खिळे ठोकू नका.' ती सेक्रेटरींची. क्लासवाले आणि खोली भाड्याने देणारे आमच्या झाडांवर पाट्या ठोकून जातात, त्याचा त्यांना मनापासून संताप आहे. ते वाक्य मी चार रकाने रुंद लावलं होतं आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

गठ्ठे आले त्या संध्याकाळी आम्ही सगळे कार्यालयात जमलो. खजिनदारांनी सुतळी कापली. चेअरमनसाहेबांनी 23 वं पान उघडलं. बाईंनी सरळ मधलं उघडलं आणि त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं माझ्यापुढे धरलं.

माझी मांडणी अचूक होती. पर्जन्यवृक्षाचा बुंधा मिलिमीटरभरही इकडेतिकडे न होता बरोबर घडीवर आला होता. आणि छापखान्याने पुस्तिका शिवली होती तीही त्याच घडीवर. बुंध्याच्या मधोमध, एक वर, एक खाली, चकचकीत दोन पिना.

सेक्रेटरींनी दुसरं पान उघडलं, मग मधलं, मग परत दुसरं. एकूण 600 पिना, असा हिशेब खजिनदारांनी तोंडी केला.

कार्यालयात 22 प्रती शिल्लक आहेत, संध्याकाळी सहा ते सात. सभासदांना मोफत, बाहेरच्यांना 50 रुपये. ज्यांना मधल्या पानाची फ्रेम करायची असेल त्यांनी पिना नखाने ओढू नयेत, कागद फाटतो. आधी आतल्या बाजूने पिनेचे पाय सरळ करून घ्यावेत.